कोरा हात

सुया संपत आल्या होत्या, म्हणून ठिपकी दुपारीच बाहेर पडली आणि सुयांची खोकी, टिश्यूचे गठ्ठे नि स्पिरिटची बाटली छातीशी कवटाळून जिना चढून वर आली. खाली चष्म्यांचं दुकान, वर टॅटूचं. बारीक ठिपक्यांनी चित्र गोंदण्यात तिचा हातखंडा, म्हणून दुकानात सगळे तिला ठिपकी म्हणत. आता कुणी खऱ्या नावानं हाक मारली तर ओ द्यायला तिलाच वेळ लागायचा. उजव्या दंडावर माशांची रांग, पोटऱ्यांवर वेली, पाठीवर एक भलंमोठं घुबड, असं सगळं अंग तिनं हौसेनं चितारून घेतलं होतं. फक्त डावा हात, कोपरापासून मनगटापर्यंत, कोरा होता.

तो मुद्दाम ठेवलेला. गोंदायच्या आधी चित्र एका पातळ कागदावरून कातडीवर जांभळ्या रेघांत उमटवून घेतात, त्याला स्टेन्सिल म्हणतात, आणि त्या रेघांवरून मग सुई चालते. काम शिकवताना दुकानाच्या मालकानं, दादानं, तिला बजावलं होतं की गिऱ्हाइकाच्या अंगावर लावायच्या आधी प्रत्येक स्टेन्सिल स्वतःच्या अंगावर लावून बघायचं. रेघ फुटली तर आपल्यावर फुटू दे. तेव्हापासून त्या कोऱ्या हातावर रोज काहीबाही उमटायचं आणि स्पिरिटनं पुसलं जायचं. आई म्हणायची, अंगाचा नुसता फळा केलाय पोरीनं, नशीब एक हात तरी पुसून ठेवते.

आई दुसऱ्या गावात एकटी राहायची. तिचं कपड्यांना इस्त्री करायचं छोटं दुकान होतं. रोज संध्याकाळी तिचा फोन यायचा आणि हल्ली ठिपकी तो उचलायचं टाळत होती. कारण एकच. दूरच्या एका मोठ्या शहरात, जिथं काम मिळावं म्हणून लोक वर्षानुवर्षं धडपडतात, अशा स्टुडिओत तिला जागा मिळाली होती. तिकीटही काढून झालं होतं आणि आईला पत्ता नव्हता. आई भांडणारी नव्हती, रडणारीही नव्हती. ती फक्त मनगट धरायची नि म्हणायची, "बस जरा. जेवून जा." एवढ्यावर ठिपकीचं जाणं याआधीही बारगळलं होतं. या वेळी तिनं ठरवलं होतं की आधी जायचं आणि मग सांगायचं.

तर त्या दुपारी एक मुलगी येऊन बसली होती. पोहायला शिकवायची, खांदे भरदार, केस अजून ओले. बंद गळ्याचा शर्ट तिनं खांद्यावरून खाली ओढला आणि मान फिरवली. तिच्या उजव्या खांद्यावर एक हात गोंदलेला होता. खऱ्या हाताएवढा, लांब सडपातळ बोटांचा, तळव्यावरच्या रेषांसकट. काम सुरेख होतं, पण ठिपकीला ते बघवेना. बोटं खांद्यावर टेकलेली वाटत नव्हती, रुतलेली वाटत होती.

"हा झाकायचाय," ती म्हणाली. "माझ्या आईचा आहे. शाई लावून ठसा घेतला होता."

पुढचं तिनं तुकड्यातुकड्यानं सांगितलं. आजारपणात आई तिच्या खांद्याला घट्ट धरून पडायची, खोलीबाहेर म्हणून जाऊ द्यायची नाही. शेवटी एकदा तिनं ती बोटं एकेक करून सोडवली आणि जरा मोकळ्या हवेत जाऊन आली. तेवढ्यात आई गेली. मग आठवण म्हणून तिनं त्या हाताला शाई फासली आणि ठसा घेऊन ठेवला. ठिपकीच्या अंगावर सर्रकन काटा आला, पण गिऱ्हाईक आहे, चेहरा सरळ ठेवावा लागतो.

"मग आता झाकायचा का?"

"हा सरकतो... गोंदला तेव्हा पाठीकडे होता. आधी मुलांच्या लक्षात आलं. टीचर, तुमचा हात वर आला, म्हणाली. आता पाण्यात उतरले की श्वास अडकतो."

ठिपकीनं तिची समजूत घातली. वजन कमी-जास्त झालं की कातडी ताणते, चित्र हललंसं वाटतं. हे तिनं शंभर जणांना सांगितलं होतं आणि शंभर वेळा ते खरं होतं. मग तिनं कामाला हात घातला. खांद्यावर ट्रेसिंग पेपर धरून जुना हात उतरवून घेतला, त्यावर दुसरा कागद ठेवून दाट पानांची नक्षी अशी बेतली की एकही बोट उघडं राहू नये. स्टेन्सिलच्या मशीनमध्ये फक्त वरचा कागद जायला हवा होता. पण तेवढ्यात आईचा फोन वाजला, तो गप्प करायच्या नादात तिनं दोन्ही कागद एकदमच आत सारले. नवशिक्यानं करावी अशी चूक.

सवयीनं तिनं ते स्टेन्सिल आपल्या कोऱ्या हातावर दाबलं. कागद सोलला तर मनगटाशी पानं आणि पानांच्या आत तो हात. ती स्वतःशीच हसली, स्पिरिटनं खसाखसा पुसलं आणि नुसत्या पानांचं नवं स्टेन्सिल काढलं. संध्याकाळपर्यंत खांद्यावरची बोटं पानांत पार बुडून गेली. पोहणारीनं आरशात पाहिलं, दीर्घ श्वास घेतला, पुन्हा घेतला आणि रडू लागली. इतक्या दिवसांत छातीभर हवा पहिल्यांदाच गेली, म्हणाली. ती गेल्यावर ठिपकीनं दिव्याखाली हात धरला. पानं पुसली गेली होती. हात तसाच होता.

स्पिरिट झालं, साबण झाला, तेल झालं, शेवटी भांडी घासायची घासणीही झाली. कातडी लाल झाली, पण रेघ हलली नाही. दुसऱ्या दिवशी जांभळा रंग काळा पडला आणि तिथं खाज सुटली. पुढं बारीक खपल्या धरल्या. नव्या टॅटूवर धरतात तशा, आणि सुई तर तिथं लागलीच नव्हती. दादाला दाखवलं तर तो म्हणाला, छान झालाय, पण कोऱ्या हातावर कशाला गं केलास? तिनं बाही खाली ओढली.

ती हाफ बाह्यांचे कपडे घालेनाशी झाली. तिचं कशात लक्ष लागेना. बसली की उठावंसं वाटे, उठली की बाही वर करून बघावंसं वाटे. सकाळी मनगटाशी असलेली बोटं संध्याकाळी जरा वर दिसत. पेनानं खूण करून ठेवली तर खूण खाली राही आणि बोटं पुढं गेलेली असत. सुई चालवताना डावा हात गिऱ्हाइकाची कातडी ताणून धरतो, तोच बधिर पडू लागला. एका मुलाच्या पाठीवर रेघ वाकडी गेली, ती तिनं कशीबशी पानात लपवली. हात गेला तर काम गेलं, आणि काम गेलं तर ते शहर गेलं, हे तिला दिसत होतं. शिवाय त्या मुलीचा पाण्यात अडकणारा श्वास तिच्या डोक्यातून जात नव्हता. बोटं कुठं निघाली आहेत हे तिला ठाऊक होतं.

कोपराच्या जरा अलीकडे येऊन मात्र ती थांबली. ठिपकीनं पुनःपुन्हा पाहिलं, बोटं पुढं सरेनात. पण पकड दुप्पट आवळली. रात्रंदिवस कळ येऊ लागली. हाताचा आकारही बदलल्यासारखा वाटे, जाडसर, रुंद. निघायचे दिवस जवळ येत होते, बॅग अर्धी भरून पडली होती आणि तिच्या डोळ्याला डोळा नव्हता. शेवटी तिनं पोहणारीलाच निरोप धाडला की खपल्या बघायच्या आहेत, येऊन जा.

ती संध्याकाळी आली. पानं झकास बसली होती आणि तिच्या चेहऱ्यावर तजेला होता. दादा घरी गेला होता, खालच्या दुकानाचं शटर खाली ओढल्याचा आवाज आला आणि मग सगळीकडे सामसूम झाली. ठिपकीनं बाही वर केली.

पोहणारी खुर्चीतून अर्धी उठली, मग वाकून बघू लागली.

"हा... हा माझ्या आईचा नाही."

"नीट बघा."

"तिची बोटं लांब होती. हा कुणा कष्टाचं काम करणाऱ्या बाईचा आहे. आणि हे काय भाजलंय?"

ठिपकीनं दिवा जवळ ओढला. अंगठ्याच्या बुडाशी इस्त्रीच्या टोकानं भाजल्याचा तिकोनी डाग होता. आखूड बोटं, रुंद तळवा. या हातानं भरवलेलं, वेणी घातलेली, रस्ता ओलांडताना धरलेलं. तिला ओळखायला क्षणही लागला नाही आणि आधी भीती वाटण्याऐवजी तिला संतापच आला. म्हणजे इथंही धरलंच हिनं. कुणी सांगितलं नाही, कुणाला कळलं नाही, तरी हिनं धरलंच.

तिनं फोन लावला. आईनं लगेच उचलला. इतके दिवस का बोलली नाहीस, असं ती विचारत बसली नाही. बरी आहेस ना, एवढंच म्हणाली. मग स्वतःच सांगू लागली की उजव्या हाताचं काहीतरी बिनसलंय, मूठ वळलेली राहते, इस्त्री डाव्या हातानं करावी लागते.

"काहीतरी धरलंय नि ते सोडायचं नाही, असं वाटतं बघ. काय धरलंय तेच कळत नाही."

"मला धरलंयस," ठिपकी म्हणाली. "सोड आई. मी जातेय. कायमची. तिकीट काढलंय. मला जाऊ दे."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"अगं, आधी सांगायचं ना," आई म्हणाली. "मी कशाला अडवू? थांब हं..." आणि मग, दम लागल्यासारखी, "सुटली बाई मूठ. जा तू. सुखानं जा."

ठिपकीच्या हातावरची कळ एकदम ओसरली. भाजल्याचा डाग फिका झाला, रुंद तळवा विरत गेला, आणि तिला हुंदका आला. आईला किती वाईट ठरवलं आपण. तिला त्या क्षणी धावत घरी जावंसं वाटलं. तिनं डोळे पुसून पुन्हा हाताकडे पाहिलं.

कातडी कोरी झाली नव्हती. विरलेल्या हाताच्या खाली दुसरा होता. सडपातळ, लांब बोटांचा.

पोहणारी मागं सरकली, पाठ भिंतीला लागेपर्यंत. "ही आमची आई," ती कुजबुजली. "ती कुठं थांबणारी नाही हो... तुमच्या आईनं तिला दाबून धरलं होतं."

दोघींच्या डोळ्यांदेखत मधलं बोट कोपराच्या वळीवरून पलीकडे गेलं. मग त्याच्या बाजूचं.

फोन अजून चालूच होता. ठिपकीनं तो दोन्ही हातांनी कानाशी दाबला.

"आई, परत धर. आई, सोडू नकोस, धर..."

आई हसली. कितीतरी दिवसांनी तिला मोकळं वाटत होतं. "काय धरू गं? आता कुठं हात हलका झालाय. काय धरायचं ते तरी सांग."

ठिपकीनं सांगायला तोंड उघडलं. पण आवाज फुटेना. पोहणारी आता तिच्या कोपराकडे बघत नव्हती. ती स्वतःच्या शर्टाची कॉलर घट्ट मिटून उभी होती, आणि तिची नजर ठिपकीच्या गळ्यावर होती.