तक्रारीचे गुरुवार

दार तिने कोपराने ढकललं, कारण बोटं तिचं ऐकायला तयारच नव्हती.

"हातमोजे हवेत," आत येताच एल्सिरा म्हणाली. "उबदार. पाणी आत शिरता कामा नये. आणि घोड्यावर बसून वापरायचेत."

काउंटरमागच्या तरुणाने मान वर केली. खोगिरांचं हे दुकान क्लोरिंदाबाईंचं. अख्खं कोक्राने गाव लगाम, रिकिबी, पट्टे इथूनच घ्यायचं. मे महिन्यात, म्हणजे इकडे दक्षिण गोलार्धात हिवाळा लागतानाच, बाई अंगणातल्या बर्फावरून घसरल्या, कंबरेचं हाड मोडलं, आणि हिवाळ्यापुरता त्यांचा भाचा चिलोए बेटावरून मदतीला आला. तो हा दागोबेर्तो. जन्म गेला होडीत. घोडा त्याने पाहिला होता, पण लांबून.

त्याने मोठ्या ऐटीत दुकानातले सगळ्यात जाड मोजे पुढे ठेवले.

"हे घाला. बर्फात झोपलात तरी हात गरम राहतील!"

एल्सिराने ते चढवले आणि खुंटीवरचा लगाम उचलायला गेली. लगाम पडला. पुन्हा उचलला, पुन्हा पडला.

"अहो, याने मी घोडी हाकू की कणीक मळू?"

तो हसला... आणि हसताना त्याचे कान लाल झाले. एल्सिराने ते पाहिलं, आणि पाहिलं नाही असं दाखवलं.

"मग तुम्हीच सांगा. मी बेटावरचा माणूस. मला वल्ह्याचं विचारा, लगामाचं नको."

तिने उरलेली धुगधुगी गोळा करून बोटं हलवली. "हे बघा. लगाम इथून जातो, करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटामधून. घोडीने तोंड जरा फिरवलं तरी या बोटांना कळलं पाहिजे. जाड मोजे घातले की हात बहिरा होतो."

दर सोमवारी ती टपालाची थैली आणि औषधं घेऊन वरच्या दरीत जायची. पुलापाशी रस्ता संपायचा. पलीकडे अकरा घरं, आणि तिथे घोड्याशिवाय जाणं नाही. गुरुवारी परत. सव्वीस वर्षं हे काम तिच्या वडिलांनी केलं. त्यांच्या डाव्या हाताच्या दोन बोटांची टोकं थंडीने नेली, आणि या वर्षी थैली लेकीकडे आली. थंडी हाताचं काय करते, हे ती रोज जेवताना समोर बघत होती.

दागोबेर्तोने चरबी चोळलेले कातडी मोजे काढून दिले. "हे वापरून बघा. गुरुवारी येऊन सांगा. तक्रार असेल तर बदलून देतो."

गुरुवारी ती आली. मोजे तिने काउंटरवर ठेवले, आणि ते आपोआप उभे राहिले.

"अरे बापरे! उभे राहतायत!"

"पहिल्या दिवशी चिंब भिजले. चुलीपाशी वाळत घातले, तर लाकूड झाले. कालपासून मला सलाम ठोकतायत."

दोघंही पोट धरून हसले. मग त्याने आतून नारिंगी रबरी मोजे आणले, आत लोकरीचं अस्तर. "आमचे कोळी भर समुद्रात हेच घालतात. थेंब जाणार नाही."

"हा रंग बघून तोर्कासा बुजेल."

"तोर्कासा कोण?"

"माझी घोडी."

"तिला सांगा, चिलोएची फॅशन आहे."

त्यानंतरच्या गुरुवारी ती आली नाही.

सकाळपासून दागोबेर्तो खिडकीची काच पुसत होता. पुसायची, वाफ धरायची, पुन्हा पुसायची. खिडकीतून पूल दिसायचा. पुलावरून मेंढ्या गेल्या, लाकडं लादलेलं खेचर गेलं. घोडी काही आली नाही.

"ती काच झिजेल रे," आतल्या खोलीतून क्लोरिंदामावशी म्हणाल्या. तो पुसतच राहिला. जेवलाही नाही.

शुक्रवारी दुपारी पुलावर एल्सिरा दिसली. चालत होती, मागे लंगडणारी तोर्कासा. कोट न घालताच तो धावत सुटला.

झालं होतं असं. पावसाचं पाणी बाहीवरून ओघळत थेट रबरी मोज्यांच्या रुंद तोंडात शिरलं. लोकर आतून भिजली, हात बधिर झाले. नदीच्या उतारावर घोडी अडखळली, ओल्या रबरातून लगाम माशासारखा निसटला, आणि एल्सिरा कंबरभर पाण्यात. थैली वाचली. रात्र एका म्हाताऱ्या जोडप्याच्या घरी निघाली, आणि सकाळी तेच ओले मोजे घालून तिने वाट धरली.

दुकानात येताच ती शेगडीकडे हात नेऊ लागली. त्याने ते वरच्या वरच धरले.

"एकदम शेकू नका. त्रास होईल."

कोमट पाण्याचं भांडं आणून त्याने तिचे हात त्यात ठेवले. बोटांचा रंग परत येईपर्यंत तो त्यात कोमट पाणी ओतत राहिला. आग व्हायला लागली तसं तिने ओठ घट्ट दाबले.

"हे मोजे मी निवडले होते," तो हळूच म्हणाला.

"पडले मी. तुम्ही कशाला मनाला लावून घेता?"

"सोमवारी मला बरोबर न्या. घोड्यावरचे हात काय करतात ते बघितल्याशिवाय मी आता कुणाला मोजे विकणार नाही."

"तुम्हाला बसता येतं?"

"नाही."

"मग?"

"पडता येतं."

डोळ्यांत पाणी असतानाच ती हसली.

सोमवारी मावशी काठी टेकत काउंटरवर येऊन बसल्या. "मोजे शोधायला चार दिवस लागतात होय? जा, जा. आणि माझ्या भाच्याला अख्खा परत आण गं."

तोर्कासाचं लंगडणं तोवर थांबलं होतं, आणि एल्सिराच्या वडिलांचा म्हातारा, शहाणा घोडा त्याला मिळाला होता. दुपारनंतर पाऊस आणि बर्फ एकत्रच पडू लागले. उतारावर दागोबेर्तोने दोन्ही हातांनी खोगीर कवटाळलं.

"लगाम धरा! खोगीर कुठे पळून जात नाही!"

"मी जातोय ना पळून!"

पण त्याने लगाम धरला. आणि मग त्याला दिसलं: ओल्या लगामाचं ओझं कुठल्या बोटांवर येतं, पाणी बाहीतून कुठल्या वाटेने उतरतं, फाटकाची कडी काढायला ती दर वेळी मोजे कसे दातांनी ओढते. तासाभरात त्याला स्वतःची बोटंच जाणवेनाशी झाली. एल्सिराने तोर्कासा जवळ आणली, त्याचे हात धरले आणि त्याच्या घोड्याच्या मानेवर, आयाळीखाली सरकवले.

"इथे घोडा सगळ्यात गरम असतो." तिचे हात त्याच्या हातांवरच राहिले. दोन्ही घोडे वाफा सोडत शांत उभे होते. "बरं वाटतंय का तुला?"

तुला. तोंडातून गेलं, आणि ती गोंधळली.

"परत म्हण," तो म्हणाला.

"काय?"

"आत्ता म्हणालीस ते."

"चला... म्हणजे, चल. अंधार पडेल." तिने घोडी पुढे काढली, पण टोपीखाली तिचा चेहरा पार लाल झाला होता, आणि तो काही थंडीने नव्हे.

परत आल्यावर त्याने तिचा पंजा कागदावर ठेवायला लावला आणि पेन्सिलीने भोवती रेघ ओढली. फार सावकाश. अंगठ्यापासून करंगळीपर्यंत पोचायला त्याला एवढा वेळ लागला, की शेगडीवरच्या किटलीतलं पाणी आटलं.

"चिलोएत सगळी मापं अशीच घेतात?" तिने विचारलं.

"नाही. ही माझी पद्धत."

"आणि दुसरा हात?"

"तो उद्या घेऊ म्हणतो..."

"दागो!"

"बरं, बरं. आत्ताच घेतो."

चार दिवस तो शिवत होता. वरून मऊ कातडं, मधे पावसाळी कोटाचं कापड, आत पातळ लोकर. लगाम जातो तिथे खरखरीत कातड्याचा तुकडा. मनगट अरुंद, बाहीच्या आत जाईल असं, म्हणजे पाणी बाहेरच्या बाहेर ओघळावं. आणि माप बोटभर सैल, कारण आवळले की रक्त अडतं आणि हात जास्तच गारठतात. शिवाय लोकरीची एक कोरडी जोडी, सदऱ्याच्या आत ठेवायला.

मोजे घेऊन ती सोमवारी गेली आणि गुरुवारी ठरल्या वेळी परत आली. मोजे काउंटरवर ठेवले.

"भिजले?" त्याने विचारलं.

"बाहेरून."

"आतून?"

"कोरडे."

"लगाम?"

"सुटला नाही एकदाही."

"बोटं?"

तिने दहाही बोटं पुढे केली. गुलाबी होती.

"म्हणजे तक्रार नाही," तो म्हणाला.

"नाही."

झालं. एवढ्या मेहनतीचं काम जमलं होतं, आणि दोघांचेही चेहरे पडले होते.

"मग पुढच्या गुरुवारी..." त्याने सुरुवात केली.

"पुढच्या गुरुवारी काय? चांगले मोजे मिळालेलं माणूस दुकानात कशाला येईल?"

"चुकलंच माझं. एखादं बोट आखूड शिवायला हवं होतं."

ती हसली, पण क्षणभरच. मोज्याच्या शिवणीवरून नख फिरवत राहिली. "मावशी म्हणत होत्या, सप्टेंबरात तुझ्या वडिलांची होडी मासेमारीला निघते."

"निघते."

"मग... जाशील."

"माझा भाऊ जाईल. बाबांना मी फोन केलाय."

"कधी?"

"तू आली नाहीस त्या गुरुवारी. दिवसभर पुलाकडे बघत होतो. तेव्हाच कळलं, एल्सिरा... आता समुद्रावर माझं लक्ष लागायचं नाही. तुला आवडो न आवडो, मी इथेच राहणार आहे."

एल्सिराने मोजे बाजूला सारले. अकरा घरांचं टपाल पावसापाण्यातून पोचवणारी ती मुलगी. आडून आडून बोलणं तिला कधी जमलंच नव्हतं.

"मला कारण नसताना यायचंय," ती म्हणाली. "गुरुवारी परतायचं ते इथे. आणि सोमवारी निघायचं, तेही इथूनच. चालेल तुला?"

तो काउंटरला वळसा घालून आला. त्याने तिचे हात हातात घेतले. गरम होते, त्याच्या हातांपेक्षाही गरम.