आदर्श धाविका

तोरणमाळच्या पठारावरच्या धाव-प्रयोगशाळेत सकाळी सात वाजता जमना पावरा ‘प्रतिदेह’ यंत्राच्या चौथऱ्यावर उभी राहिली आणि समोरच्या पडद्यावर आकडा उमटला: एकसष्ट. सत्तरच्या खाली गेलेल्या मुलीला मॅरेथॉनच्या संघात जागा नव्हती, आणि यादी दुपारी बाराला जायची होती.

हेमलताबाई गायधनींनी काठी भिंतीला टेकवून आकडा पुन्हा वाचला. वाचून तो बदलणार थोडाच होता! एकेकाळी मॅरेथॉनचा राष्ट्रीय विक्रम आणि पदकही त्यांच्या नावावर होतं. दोन वर्षांपूर्वी न्हाणीघरात साधा पाय घसरला, खुबा मोडला आणि तेव्हापासून काठी आली. आता एक्केचाळिसाव्या वर्षी त्या जमनाच्या प्रशिक्षक होत्या. अशी मुलगी आपल्या हाती पुन्हा लागणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

“डॉक्टर, ही धावते कशी ते पाहिलंत ना?”

“पाहिलं. पण प्रतिदेह आतलं पाहतो.” यंत्र डॉ. पराग चांदोरकरांनीच बनवलेलं, त्यामुळे त्याचा शब्द त्यांच्या लेखी दगडावरची रेघ. माणसांपेक्षा त्यांना आकडे जवळचे. आकडे निदान उलट उत्तर देत नाहीत. “दंडावरची रसपट्टी महिनाभर हार्मोन्स मोजते, चौथरा हाडांची घनता मोजतो. त्यातून हिचं गणिती शरीर तयार होतं आणि ते आदर्श धाविकेशी ताडून बघतात. हिचं इस्ट्रोजेन सारखं वर-खाली होतंय. हाडंही जड. आदर्शात असं काही नाहीच. यंत्र म्हणतं, जेवण पाव हिश्शाने कमी करा.”

“मॅडम, मी कमी जेवीन,” खाली मान घालून जमना म्हणाली. “दोन भाकरींची एक करीन.”

विसाव्या वर्षी हेमलताबाईंनीही हेच म्हटलं होतं.

“तुला पाळी येते ना गं?”

“येते. दर महिन्याला.”

डॉक्टर खिडकीबाहेर पाहू लागले.

“इकडे बघा, डॉक्टर, हे तुमच्याच कामाचं आहे,” बाई म्हणाल्या. “माझी बाविसाव्या वर्षी गेली, ती पुन्हा कधी धड आलीच नाही. शिबिरात पाळी थांबली की आम्ही खूश व्हायचो. सराव अंगी लागला, असं समजायचो. पाळी येते तिचं इस्ट्रोजेन महिनाभर वर-खाली होणारच. पोटाला कमी पडलं की शरीर पाळी बंद करतं, इस्ट्रोजेन तळाला जाऊन तिथेच राहतं. हाडं रोज थोडी झिजतात, थोडी भरतात; ती झीज आवरून धरतं ते इस्ट्रोजेन. मला हे कळलं ते खुबा मोडल्यावर.”

“ते खरं. पण त्याचा इथे काय संबंध?”

“तुमची ही आदर्श धाविका कोण?”

“कोणी एक नाही. बेचाळीस पदकविजेत्यांच्या जुन्या तपासण्यांची सरासरी. ज्या वर्षी पदक मिळालं, त्या वर्षीची.”

“त्यांतल्या कितीजणींना पाळी येत होती?”

डॉक्टरांनी नोंदी उघडल्या. तसा रकानाच नव्हता. पहिलं नाव मात्र होतं: हेमलता गायधनी.

“माझी पट्टी महिनाभर लावलेलीच आहे. मुलींना लावायला सांगायची तर आपण आधी लावावी,” बाई म्हणाल्या. “हातच्या कांकणाला आरसा कशाला?” जमनाला बाजूला करून, कठडा धरून त्या चौथऱ्यावर चढल्या.

पडद्यावर आकडा आला: अठ्ठ्याण्णव. खाली हिरवी ओळ: ‘हार्मोन्स स्थिर. हाडे हलकी. मॅरेथॉनसाठी पूर्ण पात्र.’

डॉक्टरांनी आधी आकड्याकडे आणि मग भिंतीला टेकवलेल्या काठीकडे पाहिलं. मग डॉक्टरांनी यादी उघडली आणि यंत्राने गाळलेलं जमनाचं नाव स्वतःच्या हाताने पुन्हा घातलं.

“माझ्यासारख्या नव्वदच्या वर किती मुली आहेत?” बाईंनी वरूनच विचारलं.

“अकरा,” डॉक्टर यादीत मोजून म्हणाले.

“त्यांना आज धावायला पाठवू नका. आधी इथे बोलवा. आणि जेवायला घाला.”

चौथऱ्याला एकच पायरी होती. पूर्ण पात्र ठरलेल्या हेमलताबाईंनी काठीसाठी हात पुढे केला. जमनाने काठी दिली आणि त्यांचा दुसरा हात आपल्या खांद्यावर घेतला.