शेवटच्या कठड्यापर्यंत

मी हातमोजे शिवते. आयुष्य चाकाच्या खुर्चीत गेलं, त्यामुळे पाय चालत नसले तरी दंड पहिलवानाचे आहेत. दादाला मात्र मी अजून काचेचं भांडंच वाटते. बाहेर पडलो की त्याचे हात खुर्चीच्या मुठींवर असायचेच.

म्हणून गरम झऱ्यांमधून जाणारी फळ्यांची वाट खुर्चीवाल्यांसाठी रुंद केल्याचं कळलं, तेव्हाच मी अट घातली. शेवटच्या कठड्यापर्यंत मी माझ्याच बळावर जाणार आणि दादाने मागून यायचं, हात खिशात घालून. तो बरं म्हणाला, पण तोंड एवढंसं झालं.

सकाळचं लख्ख ऊन होतं. वाटेच्या दोन्ही बाजूंना पांढरा चिखल रटरटत होता आणि गंधकाचा वास नाकात बसला होता. जमिनीचा वरचा थर पातळ आहे, फळी सोडून पाऊल टाकू नका, असं पहारेकऱ्याने बजावलं. तेही मला! मी हसतच निघाले.

शेवटच्या चढावर वारा फिरला आणि वाफ अंगावर आली. समोरचं काही दिसेना. तेवढ्यात खुर्ची जड झाली. कुणीतरी मुठी धरून मागे ओढत होतं.

"दादा, सोड."

मानेवर ओलसर, गरम श्वास आला.

मला भयंकर राग आला. त्याला भीती वाटत असेल तर वाटू दे, आज मी ऐकणार नव्हते. दातओठ खाऊन चाकं रेटली. तळहात सोलले. खुर्ची बोटभर सरकली, मग हातभर.

कठडा हाताला लागला.

वाफ विरली. खाली निळंशार कुंड उकळत होतं. मी जिंकले होते, डोळ्यांत पाणी आलं. दादाला चार शब्द सुनावायला वळले, तर तो पार खाली, चढाच्या पायथ्याशी बाकावर गुडघा चोळत बसलेला.

"गुडघ्याने दगा दिला गं," तो ओरडला. "तू गेलीस की एकटी!"

मुठींवर पांढऱ्या चिखलाचे ठसे होते, अजून गरम. हात ओळखणं हा माझा धंदा. नवखा कारागीर हातमोज्यांची जोडी कापताना करतो ती चूक तिथे होती. दोन्ही ठसे उजव्या हाताचे होते.

म्हणजे मी ओझ्यासकट चढले तर. खोटं कशाला बोलू, छाती फुगलीच.

परत निघाले, तेव्हा खुर्ची पिसासारखी हलकी होती. वळताना कठड्याकडे नजर गेली. तिथेही तेच दोन उजवे ठसे होते, कुंडाच्या बाजूने धरलेले.