गिरणीचा खटका

ही कुठं वाचलेली किंवा चहाच्या टपरीवर ऐकलेली गोष्ट नाही. माझ्या सख्ख्या मावसभावाच्या घरात घडलेली आहे. पटली तर घ्या, नाहीतर सोडून द्या.

गाव कळंब, इंदापूर तालुका. दोन वर्षांपूर्वीचा मार्गशीर्ष. वार गुरुवार.

आणि रात्र नव्हती. भर दुपार होती...

हा मावसभाव, इंद्रजित, लोणी देवकर गावाजवळच्या एका कंपनीत कामाला. सुट्टी गुरुवारची. त्या दिवशी हा गडी घरी बसून ॲम्प्लिफायर बनवायचा. विकायला नाही, निव्वळ हौस.

त्याची बायको स्वरूपा हसायची. "तुमच्या त्या आवाजानं शेजारची म्हस आटली," म्हणायची.

पण एकदा त्या ॲम्प्लिफायरच्या डब्यानं तिलाच झटका दिला. बटण बंद होतं. ती ओल्या फडक्यानं धूळ पुसत होती. हात कोपरापर्यंत बधिर झाला.

"बंद केलं तरी चावतंय! असलं कसलं वो बटण?"

इंद्रजितनं डबा उघडला. आत एक वायर पत्र्याला घासलेली. बटण एकच वायर तोडणारं. आणि घरातल्या सॉकेटात फेज-न्यूट्रल उलटे जोडलेले. म्हणजे आवाज बंद, दिवा बंद...

करंट मात्र आत तसाच.

त्या दिवशी तो जेवला नाही. वायर बदलली, सॉकेट नीट केलं आणि ठरवलं, आता दोन्ही वायरी एकदम तोडणारं, दणकट बटणच बसवायचं. बाजारातली नाजूक बटणं डब्यातल्या मोठ्या ट्रान्सफॉर्मरपुढं टिकत नव्हती. चालू करताना ठिणगी पडायची आणि आतल्या पट्ट्या एकमेकींना चिकटून बसायच्या.

हवं तसलं बटण त्याला सांगवीत मिळालं. ओळखीच्या सर्जेराव आबांची पिठाची गिरणी बंद पडली होती. तिच्या भिंतीवर मुठीएवढा काळा खटका.

"आबा, ह्यो नेऊ का?"

"ने की. पर तूच काढ." सर्जेराव दारातच थांबले. आत पाऊल टाकलं नाही.

"गिरणी का बंद केली वो?"

"गिऱ्हाईक न्हाय राह्यलं," ते म्हणाले आणि दुसरीकडं बघायला लागले.

खटका तपासला तेव्हा मी स्वतः इंद्रजितच्या शेजारी बसलो होतो. खटका वर केला की वायरी जुळल्यात हे सांगणारा हातातला मीटर वाजायचा. खाली पाडला की गप्प. दोन्ही वायरींना तसंच. त्यानं पुन्हा पुन्हा बघितलं.

मग खटका डब्याला बसवला आणि स्वरूपाला हाक मारली. "आता बिनधास्त हात लाव. काय होत न्हाय."

पुढच्याच गुरुवारी स्वरूपानं महालक्ष्मीची पूजा मांडली. एरवी ती ड्रेस घालायची. त्या दिवशी नवी साडी नेसली, लांब पदर सोडला. इंद्रजितनं मोबाईल जोडून कथा लावली. आवाज असा स्वच्छ, की ती हात जोडून ऐकतच बसली.

कथा संपली. ती नैवेद्य आणायला आत गेली. इंद्रजितनं खटका पाडला.

डब्यावरचा दिवा विझला. घर शांत झालं.

आणि मग...

स्पीकरमधून घरघर यायला लागली. अगदी बारीक. लांब कुठंतरी गिरणीचा पट्टा फिरतोय तशी.

त्यानं सॉकेटातली पिन ओढून काढली.

घरघर थांबली नाही.

पिन त्याच्या हातात होती... आणि आवाज वाढत होता. खोलीत गरम पिठाचा वास भरला.

मग बाईचा आवाज आला. घाबरलेला.

"खटका पाडा... आवो, खटका पाडा की..."

"कोण बाई आलीया वो?" स्वयंपाकघरातून स्वरूपानं विचारलं.

इंद्रजितनं सर्जेरावांना फोन लावला. "आबा, त्या गिरणीत काय झालं होतं?"

पलीकडून सर्जेरावांनी सांगून टाकलं.

"माझी भावजय... मुक्ता. तिचा पदर पट्ट्यात गेला. मी खटका पाडला रं. पाडतच राह्यलो. गिरणी थांबलीच न्हाय." मग एकदम ओरडले, "तुझ्या घरात बाईमाणूस हाय का? भाईर काढ तिला! आदी भाईर काढ!"

इंद्रजित वळला.

स्वरूपा मधल्या दारात उभी होती. हातात नैवेद्याचं ताट.

तिचा पदर सरळ ताणलेला होता. डब्याच्या दिशेनं. हवेत.

दुसरं टोक कोणीही धरलं नव्हतं...

ताट पडलं. पदराचा फास गळ्याला बसला. इंद्रजितनं डब्यावर झडप घातली. खटका खाली. वर. पुन्हा खाली.

"आवो, बंद करा!"

हा आवाज मुक्ताचा नव्हता. स्वरूपाचा होता. स्पीकरमधून येत होता. दारात तिचे ओठ मिटलेले होते आणि डोळे त्याच्यावर.

घरघर आपोआप थांबली. तेव्हा ती खाली पडली होती.

पोस्टमार्टेममध्ये आलं, गळा आवळून मृत्यू. घरात दोघंच. तिच्या भावानं तक्रार दिली. इंद्रजितला त्याच संध्याकाळी पोलिसांनी नेलं. घडलं ते त्यानं पोलिसांना सांगितलं, मलाही सांगितलं. कोण ऐकणार?

सर्जेरावांनी पोलिसांना सरळ सांगितलं, "फोन आला व्हता, पर गिरणीचं कायबी बोलणं झालं न्हाय." मुक्ताबद्दल विचारलं, तर म्हणाले, "तापानं गेली."

जप्त केलेला डबा जाणकारानं उघडला. खटक्याच्या आतल्या पट्ट्या वितळून एक झालेल्या. त्यावर जुना गंज. हा खटका कित्येक वर्षांत बंद होऊच शकत नव्हता, असं त्यानं लिहून दिलं.

मग मीटर गप्प कसा झाला? मी माझ्या कानांनी ऐकलं होतं.

मागच्या महिन्यात येरवड्याला इंद्रजितला भेटून आलो. ओळखू येत नाही, एवढा वाळलाय. भुताबद्दल एक शब्द बोलला नाही. मुक्ताबद्दल नाही, सर्जेरावांबद्दल नाही. जाळीपलीकडून एवढंच म्हणाला,

"दादा, ती हाताच्या अंतरावर होती. नुसता पदर सोडवायचा होता. मी तिच्याकडं गेलोच न्हाय. खटकाच पाडत बसलो."

वेळ संपली. शिपायानं त्याला आत नेलं.

मी तिथंच उभा राहिलो.