फॉर्मवरचे सात महिने

"हे सात महिने कुठून आले?"

अंबरीशने आईच्या एमआरआयचा फॉर्म बायकोच्या, अंतराच्या हातातून हिसकावूनच घेतला. रक्तस्राव केव्हापासून, या प्रश्नापुढे अंतराच्या अक्षरात लिहिलं होतं, सात महिने! आणि त्याच्या आईने, मंदाताईंनी, घरात सगळ्यांना पंधरा दिवस सांगितले होते...

"सच सांग. तुला माहीत होतं?"

"हो."

"पाळी जाऊन बारा वर्षं झालेल्या बाईला रक्त जातंय, अन् तू गप्प बसलीस? आता समजलं, आईच्या हातून सोवळ्याचा स्वयंपाक का काढून घेतलास! घर एकटीला हवं होतं ना?"

काय सांगणार होती ती बिचारी! रक्त जात असताना नैवेद्याला शिवायचं नाही, हा मंदाताईंचाच दंडक. आणि ते कुणाला कळू द्यायचं नाही, हा हट्टही त्यांचाच! अंतराच्या चार वर्षांच्या मुलाच्या, ध्रुवच्या डोक्यावर तिचा हात ठेवून त्यांनी तिला शपथ घातली होती. मग दाना ओली मोहल्ल्यातल्या त्या घरात दर वेळी अंतराच सासूला बाजूला सारून ओट्याशी उभी राही, आणि घरच्यांच्या तिरक्या नजरा मुकाट्याने सोसत राही... शेवटी गुडघे दाखवायच्या बहाण्याने तिनेच त्यांना मुरार भागातल्या डॉक्टर गरिमांकडे नेलं, सगळं सांगून शपथ मोडली, आणि गर्भाशयाचा कर्करोग निघाला. तेव्हापासून ध्रुव नुसता शिंकला तरी, मोडलेली शपथ त्याला बाधली की काय म्हणून ती त्याचं कपाळ चाचपून बघत होती.

"तिला काही बोलू नकोस. शपथ मी घातली होती, ध्रुवची!"

तपासणीचे कपडे घालून आलेल्या मंदाताई मागेच उभ्या होत्या. "माझी लाज झाकायला हिने तुम्हा सगळ्यांचं ऐकून घेतलं रे..."

अंबरीशने फॉर्म अंतराच्या हातात परत दिला.

संध्याकाळी डॉक्टर गरिमांनी रिपोर्ट समजावला. गाठ गर्भाशयाच्या भिंतीत निम्म्याहून खोल उतरली होती. बाहेर मात्र पसरलेली दिसत नव्हती. आता ऑपरेशन त्या हिशेबाने मोठं करावं लागणार होतं.

"लवकर आलो असतो तर?" अंबरीशने विचारलं.

"कदाचित इतकी खोल गेली नसती."

अंतराला हुंदका आवरेना. "आई, मी शपथ आधीच मोडायला हवी होती!"

मंदाताईंनी तिला छातीशी ओढलं. "मी देवाला भ्यायले, चार लोकांना भ्यायले... आणि तू पोटच्या पोराची शपथ मोडून मला वाचवायला निघालीस! स्वतः आई असून, पोरी... आई असून!"