स्नेहग्राही

मृण्मयी घैसासने प्रयोगशाळेतल्या पडद्यावर एक पेशी मोठी करून दाखवली. पेशीच्या कडेला खोबणीसारखा एक रेणू होता.

"अप्पा, हा स्नेहग्राही. मेंदूत एक पेप्टाइड स्रवतं. ते या खोबणीत बसलं की समोरचं माणूस आपलं वाटतं. ते माणूस गेलं की पेशी त्याच्यासाठी आकांत मांडते. आमचं शोकरोधक औषध ही खोबणच बुजवतं. मग आकांत थांबतो."

तिचे वडील अप्पा निवृत्त पशुवैद्य. मृण्मयीची आई गेल्यापासून त्यांची अन्नावरची वासनाच उडाली होती.

"गाईला वासरू चाटायला लावतं, तेच पेप्टाइड ना गं हे?" त्यांनी क्षीण आवाजात विचारलं.

"तेच."

"मग खोबण बुजवलेली गाय वासराला ओळखेल?"

"ओळखेल की. ओळख आठवणीत असते, अप्पा." प्रश्नाचा रोख तिच्या ध्यानातच आला नाही. तिला फक्त त्यांची खोल गेलेली गालफडं दिसत होती.

दर महिन्याला एक इंजेक्शन द्यायचं होतं. पहिल्यानंतर थोड्याच दिवसांत अप्पांनी पिठलं-भाकरी मागितली. मृण्मयी स्वयंपाकघरात जाऊन आनंदाने रडली.

पुढे तिला डेंग्यू झाला. ती रुग्णालयात तापाने फणफणत होती, पण अप्पा एकदाही फिरकले नाहीत. ती घरी आल्यावर त्यांनी पेपर वाचता वाचता, शेजारणीची चौकशी करावी तसं विचारलं, "आता बरं आहे ना?"

तेव्हा कुठे तिला वासराचा प्रश्न उमगला.

"अप्पा, पुढचं इंजेक्शन नको. औषध उतरलं की सगळं पूर्ववत होईल."

"म्हणजे तुझी आई गेल्याचं दुःखही परत येईल. त्या बदल्यात मला काय मिळेल?"

"मी."

अप्पांनी पेपर खाली ठेवला आणि प्रामाणिकपणे विचार केला.

"तू माझी मुलगी आहेस, हे मला पक्कं ठाऊक आहे. पण तू हवीशी वाटायला हवीस ना? ते वाटण्याची जागाच बुजली आहे. मग मी कशाच्या ओढीने औषध सोडू?"

त्यांची बुद्धी शाबूत होती, त्यामुळे जबरदस्ती करता येत नव्हती. तिला हुंदका आवरेना.

अप्पा तिच्याकडे पाहत राहिले. पूर्वी आजारी जनावराकडे पाहत, तसेच लक्षपूर्वक.

"फार त्रास होतोय तुला," ते शांतपणे म्हणाले. "तूही घे की एक."

त्यात टोमणा नव्हता. असता, तर तिला किती बरं वाटलं असतं!