नकाशाच्या कापडाची झोळी

वात जरा बारीक करा आणि जवळ सरका. ही गोष्ट आपल्या पिंपळीच्या बिरूची. बापानं मेंढरं विकली तेव्हापासून तो बैलगाडीनं भाड्याचा माल वाहतो, हे तुम्हाला ठाऊकच आहे. खोटं रचून सांगायला लागते तेवढी अक्कल त्याच्यापाशी नाही, म्हणून तर विश्वास बसतो.

त्रेपन्न सालचा माघ महिना. इंदापूरचा जुना मिशन बंगला बंद व्हायचा होता आणि तिथलं सामान बारामतीच्या स्टेशनावर पोचवायचं काम बिरूला मिळालं होतं. बंगल्याची देखभाल करणारे रावजी मास्तर पेट्या भरत बसले होते. जाडजूड पुस्तकं, गोऱ्या पाद्र्यांनी हातानं काढलेली चित्रं, नीरा-भीमेच्या काठची गावं दाखवणारे नकाशे. एक मोठा नकाशा उंदरांनी कुरतडला होता. तो मास्तरांनी जळणात टाकला.

बिरूनं तो उचलला. नकाशाच्या कडेनं बायांची चित्रं होती. बरगड्या निघालेल्या, डोळे खोल गेलेले. पण बिरूचं लक्ष पाठीकडे. कागदाच्या पाठीला मऊसूत कापड चिकटवलेलं होतं.

"मास्तर, ह्ये मी नेऊ का?"

"ने बाबा. पण अठराशे शहात्तरच्या दुष्काळातला आहे तो. या बाया इथं छावणीत आल्या, त्या परत घरी गेल्याच नाहीत. चेहरा तरी मागं राहावा म्हणून पाद्र्यानं एकेकीला काढून ठेवलं."

बिरूनं एवढंच ऐकलं, की कापड पाऊणशे वर्षांचं आहे.

त्याची दोन पोरं बारशाआधीच गेली होती. तिसरं आठ दिवसांचं होतं आणि नवराबायकोचा जीव टांगणीला लागला होता. आपल्याकडे नव्या जिवाला कोरं कापड लावत नाहीत. पिकल्या म्हातारीचं लुगडं मागून आणतात, तिचं आयुष्य पोराला लाभावं म्हणून. आता पाऊणशे वर्षं टिकलेलं लुगडं बिरूला कुठली म्हातारी देणार होती? त्यानं नकाशाची गुंडाळी खुशीत काखेत मारली.

घरी त्याच्या बायकोनं, साखरबाईनं, नकाशा कढत पाण्यात भिजत घातला. कागद सुटला. नदी सुटली, गावं सुटली. बायांचे चेहरे पाण्यावर तरंगले. उरलेसुरले तिनं राखेनं घासून काढले आणि काळं पाणी उंबऱ्याबाहेर ओतलं. कापड वाळल्यावर झोळी करून आढ्याला बांधली.

"आता ह्ये टिकतंय बगा," ती म्हणाली. किती दिवसांनी हसली होती बिचारी.

ती रात्र माघी अमावस्येची.

बिरूला जाग आली ती दोरीच्या कुरकुरीनं. झोळी हलत होती. साखरबाई शेजारी गाढ झोपलेली. वारा असेल म्हणून त्यानं कूस बदलली. मग दुसरा आवाज आला. चुटूचुटू... पोर अंगावर पीत असल्यासारखा.

त्यानं बायकोला हलवलं.

"अगं... पोर कुटं हाय?"

"झोळीत."

"मग... पाजतंय कोण?"

दोघं उठून बसली. झोळीवर कुणीतरी वाकलं होतं. कोनाड्यातल्या चिमणीच्या उजेडात उघडी पाठ दिसत होती. मणका न् मणका मोजून घ्यावा अशी. बिरूची पाचावर धारण बसली.

साखरबाईला पण भीती वाटलीच. पण ती आई होती.

"बाई... माझं हाय त्ये. आदीची दोन गेली..."

दोरी कुरकुरत राहिली.

"उपाशी हायस व्हय गं...?"

चुटूचुटू थांबलं.

साखरबाई सरपटत चुलीपाशी गेली. टोपल्यातली भाकरी काढली. दारापाशी उंबऱ्यावर ठेवली.

"तू खा पोटभर. पर लेकरू ठिव..."

झोळी थांबली. दाराला आतून कडी होती. उंबऱ्यापाशी गारठा आला... आणि गेला.

उजाडायच्या आत बिरूनं झोळी सोडली, गाडी जुंपली आणि ते कापड इंदापूरला छावणीच्या पांढऱ्या मातीच्या माळावर पुरून आला. वर दही-भाकरी ठेवली, हात जोडले आणि लहान पोरासारखा रडला.

पोर जगलं. पाच वर्षांचा तो भीमा तुम्ही रोज बघता. पण त्या सकाळचं एक बिरूनं एकदाच सांगितलं, पुन्हा कधी नाही. पोर दुपारपर्यंत आईच्या अंगावर प्यायलाच तयार होईना. पोट भरल्यासारखं निवांत पडून होतं. तोंडात काही अडकलंय का म्हणून साखरबाईनं बोट फिरवलं.

बोटाला माती आली. कोरडी, पांढरी. घर सगळं शेणानं सारवलेलं, आणि पिंपळीची माती काळी आहे.